पेट्रोलची वाफ आणि इंजिनाचा पिवळा दिवा

पावसाळ्यात माटुंग्याच्या गांधी मार्केटजवळ तुंबलेल्या पाण्यातून पेट्रोलची मोटार बाहेर काढल्यावर, ती सुरळीत धावत असूनही काही दिवसांनी इंजिनाचा पिवळा दिवा पेटला, तर स्पार्क प्लगवर खर्च करण्यापूर्वी टाकीतील वाफेच्या व्यवस्थेचा तपास करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ही वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यातील कोळसा शोषून घेतो आणि पर्ज व्हॉल्व्ह उघडताच ती इंजिनात जाऊन जळते. परंतु पाणी, अथवा टाकी काठोकाठ भरल्याने आलेले द्रव पेट्रोल कोळशात शिरले, की तो निकामी होतो.

अमेरिकेत १९९६ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या दंडकानुसार गाड्या सूक्ष्म गळतीही हुडकतात. आपल्या युरोपीय वळणाच्या नियमांत मात्र पर्ज व्हॉल्व्हच्या विद्युत्‌मंडलावरील देखरेख एवढीच किमान अट असल्यामुळे, गळती थांबवण्यासाठी टाकीचे झाकण बदलण्याचा तिकडचा सल्ला येथे सरसकट लागू पडत नाही. स्कॅनरवर पी ०४४३ हा याच मंडलाचा दोषसंकेत दिसल्यास प्रथम व्हॉल्व्हचा कनेक्टर गंजला आहे काय, याची खातरजमा करावी. पेट्रोल भरल्याबरोबर इंजिन चटकन सुरू होत नसेल, तर व्हॉल्व्ह उघडाच अडकल्याचा संशय बळावतो: थंड इंजिन आयडलवर ठेवून कॅनिस्टरकडील नळी काढावी आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी बोट धरावे, ओढ जाणवली, तर व्हॉल्व्ह बदलावा.