बाजूची काच : फुटावी की फुटू नये?

मोटारीच्या दाराची काच फुटली की जवळच्या काचवाल्याकडे जायचे, तासाभरात नवी काच बसवून घ्यायची आणि पुढच्या कामाला लागायचे, हा मुंबई-पुण्यातील वाहनधारकांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. महागड्या विद्युत मोटारींनी हे साधे काम बरेच गुंतागुंतीचे करून ठेवले आहे. या गाड्यांत बाजूची काच केवळ वारा-पाऊस अडवणारा आडोसा राहिलेली नाही. आवाज रोखणे, दार उघडताच किंचित खाली सरकणे, अपघातात प्रवाशाला बाहेर फेकले जाण्यापासून वाचवणे, अशी अनेक कामे तिच्यावर सोपवली गेली आहेत. त्यामुळे ती बदलताना कोणती काच काढली आणि तिच्या जागी कोणती बसवली, हा प्रश्न खर्चापुरता उरत नाही. चोराने मारलेला घाव तिने सोसावा आणि आत अडकलेल्या माणसाला मात्र ती फोडता यावी, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा एकाच काचेकडून केल्या जात आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोचा अनुभव

या प्रश्नाची सर्वाधिक चर्चा झाली ती अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को परिसरात. टेस्ला कंपनीच्या गाड्या तेथे रस्तोरस्ती दिसतात. कंपनीचा फ्रीमाँट येथील कारखानाही याच परिसरात आहे. कामानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्याही मोठी आहे. २०१७ मध्ये एकट्या सॅन फ्रान्सिस्को शहरात मोटारी फोडून चोरी करण्याचे तीस हजारांहून अधिक गुन्हे नोंदवले गेले. त्यात टेस्लाच्या गाड्यांबाबत चोरांची एक ठराविक पद्धत उघड झाली. मागच्या बाजूची लहान, स्थिर काच फोडायची, त्यातून हात घालून मागील आसनाची पाठ दुमडायची आणि डिकीत लॅपटॉप किंवा बॅग आहे का, ते पाहायचे. काही सापडले नाही तरी काच फुटलेलीच असे.

कंपनीने २०१९ मध्ये ‘सेंट्री मोड’ ही सुविधा आणली. उभ्या गाडीजवळ संशयास्पद हालचाल झाली की गाडीचेच कॅमेरे चित्रीकरण सुरू करतात. अनेक चोर त्यामुळे चित्रफितीत टिपले गेले. पण चित्रीकरणाने घाव अडत नाही. शहरातील अशा गुन्ह्यांचे प्रमाण २०२४ पर्यंत बरेच खाली आले. तरीही फुटलेल्या काचांच्या निमित्ताने एक गोष्ट हजारो मालकांच्या लक्षात आली. गाडीच्या सगळ्या काचा एकाच जातीच्या नसतात.

दोन काचा, दोन स्वभाव

मोटारीत मुख्यतः दोन प्रकारच्या काचा वापरल्या जातात. पहिली ‘टफन्ड’ किंवा ‘टेंपर्ड’ काच. ती सहाशे अंश सेल्सिअसहून अधिक तापवून थंड हवेच्या झोतांनी झटकन निववली जाते. बाहेरचा थर आधी आवळतो आणि आतला भाग ताणलेल्या अवस्थेत राहतो. या अंतर्गत ताणामुळे ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते. मात्र पृष्ठभागाला टोकदार वस्तूने खोल इजा झाली, की सगळा ताण एकदम मोकळा होऊन संपूर्ण काचेचे लहान, बोथट कण होतात. अशी काच तयार झाल्यावर कापता येत नाही किंवा तिला छिद्रही पाडता येत नाही. म्हणूनच प्रत्येक गाडीच्या प्रत्येक खिडकीची काच कारखान्यातच नेमक्या मापाने आणि वळणाने घडवावी लागते. ‘थोडी घासून बसवून देतो’ हा उपाय येथे चालत नाही.

दुसरी ‘लॅमिनेटेड’ काच. हिच्यात काचेच्या दोन पातळ थरांमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा असतो. फ्रेंच कलावंत आणि रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांच्या हातून १९०३ मध्ये एक काचपात्र खाली पडले. ते तडकले, पण विखुरले नाही, कारण आतून त्याला सेल्युलोज नायट्रेटचा लेप बसला होता. त्यांनी १९०९ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. आज सर्व मोटारींची पुढची काच याच तत्त्वावर बनते. घाव बसला तर तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटतात, पण तुकडे पापुद्र्याला चिकटून जागीच राहतात.

हा फरक जगाने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये थेट पाहिला. टेस्लाच्या ‘सायबरट्रक’च्या अनावरणप्रसंगी कंपनीचे मुख्य रचनाकार फ्रान्झ फॉन होल्झहाउझन यांनी खिडकीवर पोलादी गोळा फेकला. न फुटणारी म्हणून मिरवलेली काच तडकली. दुसऱ्या खिडकीचीही तीच गत झाली आणि मंचावर हशा पिकला. मात्र गोळा आरपार गेला नाही. थट्टेच्या गदारोळात ही बाब काहीशी दुर्लक्षित राहिली.

शांततेची किंमत

पूर्वी लॅमिनेटेड काच बहुधा पुढेच असे आणि बाजूच्या खिडक्यांना टफन्ड काच पुरेशी मानली जाई. हे चित्र बदलण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले सुरक्षिततेचे. गाडी उलटल्यास प्रवासी खिडकीतून बाहेर फेकले जाऊ नयेत, यासाठी अमेरिकेने २०११ मध्ये नवा नियम केला. तो पाळण्यासाठी कंपन्यांनी मुख्यतः छताच्या कडेने उघडणाऱ्या पडदा-एअरबॅगचा आधार घेतला आणि काही गाड्यांत त्याला लॅमिनेटेड काचेची जोड दिली.

दुसरे कारण विद्युत मोटारींशी अधिक निगडित आहे. इंजिनाचा आवाज नाहीसा झाल्यावर एरवी त्याखाली दबून जाणारा वाऱ्याचा आणि टायरचा आवाज कानाला खटकू लागतो. काचांमधील पापुद्रा ध्वनिकंपने शोषून घेतो. त्यामुळे आवाज रोखणारी दुहेरी काच हे महागड्या विद्युत मोटारींचे लक्षण ठरले. टेस्लाच्या ‘मॉडेल ३’मध्ये ती आधी पुढच्या दारांना आली आणि २०२३ च्या सुधारित आवृत्तीत सर्व बाजूंना. याचा अर्थ असा, की नाव तेच असले तरी वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत, इतकेच काय एकाच गाडीच्या पुढच्या आणि मागच्या दारांत, काचेचा प्रकार वेगळा असू शकतो. नवी काच मागवताना केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. गाडीचा ओळखक्रमांक द्यावा लागतो. दुहेरी काचेच्या जागी एकेरी बसवली गेली, तर वरवर पाहता फरक जाणवणार नाही. तो महामार्गावर कानाला जाणवेल आणि अपघाताच्या वेळी कदाचित जिवाला.

काच बदलतात कशी?

टफन्ड काच फुटली असेल तर पहिले आणि सर्वांत कंटाळवाणे काम साफसफाईचे. काचेचे कण आसनांच्या फटींत, पट्ट्याच्या कुलपात आणि दाराच्या पोकळीत तळापर्यंत जातात. ते नीट काढले नाहीत तर दार प्रत्येक वेळी खुळखुळते, पाण्याचा निचरा करणारी छिद्रे तुंबतात आणि नव्या काचेवर ओरखडे उठतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विद्युत मोटारीत उच्च दाबाच्या, नारिंगी रंगाच्या तारा दारातून जात नाहीत. मात्र ‘मॉडेल ३’सारख्या गाडीत बॅटरीसंचाशी जोडलेली उच्च दाबाची उपकरणे मागील आसनाखालीच, बंदिस्त आवरणात असतात. त्यामुळे मागचे आसन उचलून सफाई करण्याचे काम माहीतगार कारागिराकडेच सोपवणे इष्ट.

त्यानंतर दाराच्या आतील आवरणाचे स्क्रू आणि क्लिपा काढून ते अलगद सुटे केले जाते. आत पाणी आणि आवाज रोखणारा पडदा असतो, तो न फाटता बाजूला करावा लागतो. अनेक आधुनिक गाड्यांत धडक ओळखणारा दाबसंवेदक दाराच्या पोकळीतच असतो. त्यामुळे दार पुन्हा पूर्ववत बंदिस्त होणे हे पाणी रोखण्याइतकेच एअरबॅग वेळेवर उघडण्यासाठीही महत्त्वाचे ठरते. पुढे नवी काच खाचेतून खाली सोडून, ती वरखाली करणाऱ्या रेग्युलेटरला बोल्टने जोडली जाते.

कौशल्य पणाला लागते ते यानंतर. टेस्लाच्या ‘मॉडेल एस’ आणि ‘मॉडेल ३’ या गाड्यांच्या दारांना खिडकीभोवती चौकट नाही. दार उघडताना काच आधी किंचित खाली येते आणि दार बंद झाल्यावर वर जाऊन रबराच्या पट्टीत रुतते. काचेचा कोन किंवा उंची काही मिलिमीटरने चुकली, तरी वेग वाढताच वाऱ्याची शीळ ऐकू येते, पावसात पाणी झिरपते किंवा काच बाहेरच्या पट्टीला घासू लागते. म्हणून काच बसवल्यावर ती कोठे थांबायची, हे गाडीच्या संगणकाला नव्याने शिकवावे लागते. ‘मॉडेल ३’मध्ये पडद्यावरील सेवा विभागातून हे ‘कॅलिब्रेशन’ करता येते. ते न करता गाडी ताब्यात घेतली, तर काही दिवसांतच पुन्हा गॅरेज गाठावे लागते.

मागची लहान स्थिर काच दिसायला किरकोळ. परंतु ती वरखाली होत नसल्याने चिकटद्रव्याने घट्ट बसवलेली असते. जुना थर कापून काढणे, कडा साफ करणे, प्राइमर लावणे आणि नवे चिकटद्रव्य सुकेपर्यंत वाट पाहणे, असा हा क्रम आहे. घाई केल्यास पहिल्याच पावसात ती उघडी पडते.

अडचणीच्या वेळी

काच बदलण्याच्या चर्चेत सहसा न येणारा, पण सर्वांत गंभीर मुद्दा संकटकाळचा आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये काच फोडण्याच्या सहा साधनांची चाचणी घेतली. त्यांपैकी चार साधनांनी टफन्ड काच फोडली. लॅमिनेटेड काच एकानेही फुटली नाही. २०१८ च्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश प्रकारांत बाजूला लॅमिनेटेड काच असल्याचेही संस्थेने तेव्हा निदर्शनास आणले होते. गाडीत ठेवलेली छोटी हातोडी सर्वच खिडक्यांवर चालेल, हा समज त्यामुळे धोक्याचा ठरतो.

त्यात विजेवर चालणाऱ्या दाराच्या मुठींची भर पडली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०२१ च्या ‘मॉडेल वाय’ गाड्यांच्या मुठींची प्राथमिक चौकशी सुरू केली. सुमारे पावणेदोन लाख गाड्या तिच्या कक्षेत आल्या. गाडीतील कमी दाबाची बॅटरी क्षीण झाल्यास बाहेरची मूठ काम करत नाही, अशा तक्रारी होत्या. काही प्रसंगांत मुले आत आणि पालक बाहेर अशी स्थिती ओढवली आणि पालकांना काच फोडूनच मुलांना बाहेर काढावे लागले. आतून दार उघडण्याची यांत्रिक कळ असते. पण लहान मुलांना ती सापडणे आणि ओढता येणे दुरापास्त. अशा वेळी समोरची काच कोणत्या जातीची आहे, हे आधीपासून ठाऊक असणे मोलाचे ठरते.

आपल्याकडे काय ध्यानात ठेवावे?

‘मर्सिडीज-बेंझ’ने २०२२ मध्ये चाकणच्या कारखान्यात ‘ईक्यूएस’ या आलिशान विद्युत मोटारीची जुळणी सुरू केली. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलात भारतातील पहिले दालन उघडले आणि आयात केलेली ‘मॉडेल वाय’ सुमारे साठ लाख रुपयांपासून विक्रीस ठेवली. त्यामुळे हा विषय आता येथील वाहनधारकांच्याही दाराशी आला आहे.

काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली खूण प्रत्येकाने एकदा वाचून पाहावी. काच ‘टेंपर्ड’ आहे की ‘लॅमिनेटेड’, याचा उल्लेख बहुधा तेथेच असतो. भारतात वाहनांच्या सुरक्षा काचेसाठी ‘आयएस २५५३’ हे मानक आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असाही नियम आहे. नवी काच जुन्या काचेशी आणि या खुणांशी ताडून मगच पैसे चुकते करावेत.

विम्याच्या बाबतीत दिलासा असा, की सर्वसमावेशक पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र तो ५० टक्के असतो. तथापि, एका दाव्याने ‘नो क्लेम बोनस’ची सवलत गमावण्याची वेळ येऊ शकते. पाच वर्षे दावा न केल्यास ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत जाते. दाव्याची रक्कम आणि गमवावी लागणारी सवलत यांचा हिशेब आधी मांडलेला बरा. गाडीतून चोरीस गेलेले सामान सामान्य वाहन विम्यात येत नाही. चोरीसाठी काच फोडली गेली असेल तर छायाचित्रे काढून पोलिसांत नोंद करावी. नवी काच येईपर्यंत उघडी खिडकी जाड प्लास्टिकने झाकून गाडी शक्यतो उभीच ठेवावी.

गाडी ताब्यात घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. काच पूर्ण वर जाऊन रबरात बसते का, पाण्याचा फवारा मारल्यावर आत ओल येते का, आणि वेगाने चालवताना नवा आवाज ऐकू येतो का. त्याच भेटीत चारही दारांची यांत्रिक कळ कोठे आहे, हे कारागिराकडून समजून घ्यावे आणि घरातील प्रत्येकाला ती एकदा स्वतःच्या हाताने वापरून पाहायला लावावी. काच फुटण्याची वाट न पाहता बाहेर पडता येईल, असा तोच एक खात्रीचा मार्ग आहे.