एकट्याने काम करणाऱ्याची नोंदवही

बँकेत रुजू झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी एक जाड वही माझ्या स्वाधीन केली. तिला आम्ही ‘ड्यू डेट डायरी’ म्हणत असू. प्रत्येक तारखेला एक पान. कर्जदाराच्या मालाचा विमा केव्हा संपतो, कॅश क्रेडिटचे नूतनीकरण केव्हा करावयाचे, वचनचिठ्ठीची तीन वर्षांची मुदत केव्हा भरते, हे सारे त्या त्या पानावर लिहिलेले असे. सायंकाळी रोकड जुळली की दुसऱ्या दिवसाचे पान वाचावयाचे आणि मगच घरी निघावयाचे, असा शिरस्ता होता.

निवृत्तीनंतर बारामतीत स्थायिक झालो आणि ती वही शाखेतच राहिली. दीड वर्षापूर्वी सौभाग्यवतींच्या आरोग्य विम्याचे नूतनीकरण माझ्याकडून राहून गेले. सूचना वेळेवर आली होती. ‘उद्या भरू’ म्हणून मी ती बाजूला ठेवली. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला मिळणारी 30 दिवसांची सवलतीची मुदतही उलटून गेली. पुढे नवी पॉलिसी मिळाली, परंतु सलगता तुटली आणि त्यांच्या मधुमेहासाठीचा 36 महिन्यांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाला. दोष सर्वस्वी माझा होता. आयुष्यभर इतरांच्या तारखा सांभाळल्या आणि घरची एक तारीख हातून निसटली.

याच सुमारास इंदापूरला पुतण्याकडे जाणे झाले. त्याचे ठिबक सिंचनाच्या साहित्याचे दुकान आहे. हाताखाली मदतनीस आहे. परंतु खरेदी, उधारी, कर आणि बँक हे सारे तो एकटाच पाहतो. मोबाइल दाखवीत तो म्हणाला, “काका, कामे लिहायला चार ॲप घेतली, पण वेळेवर आठवण एकाचीही होत नाही.” काही कामे एका ॲपमध्ये, काही दुसऱ्यात, काही व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठविलेली आणि उरलेली बिलाच्या पाठीवर! चार ठिकाणी रोजमेळ लिहिला तर कोणत्या दुकानाचा हिशेब जुळेल? एका रविवारी दोघांनी बसून निवड केली. तिचा उपयोग वाचकांनाही व्हावा, म्हणून हा लेख.

प्रथम ॲप पाहू नये. प्रथम आपल्या कामांची यादी कागदावर करावी. पुतण्याच्या यादीत तीन प्रकारची कामे निघाली. पहिला प्रकार ठरावीक तारखेला पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांचा. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला जीएसटीआर-1 साठी 11 आणि जीएसटीआर-3बी साठी 20 तारीख पाळावी लागते. आगाऊ प्राप्तिकराचे हप्ते 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्चला येतात. दुसरा प्रकार एखाद्या व्यवहारापासून दिवस मोजावयाच्या कामांचा. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागते. उलट, मुदत न ठरवता उधार दिलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करावयाचा तर माल दिल्यापासून तीन वर्षांची कायदेशीर मर्यादा असते. तीन वर्षांनंतरची तारीख कोणाच्या ध्यानात राहणार? तिसरा प्रकार दुसऱ्याकडे अडकलेल्या कामांचा: कंपनीकडून यावयाचे क्रेडिट नोट, शेतकऱ्याने ‘बिल निघाले की देतो’ म्हणून सांगितलेली रक्कम.

ही यादी हाती आली की कसोट्या आपोआप ठरतात. गल्ल्यावर गिऱ्हाईक उभे असताना दहा सेकंदांत नोंद झाली पाहिजे. कीबोर्डच्या माइकवर मराठीत बोलूनही ती करता येते. काम दरमहा आपोआप पुढे आले पाहिजे. आणि मोबाइल हरवला तरी नोंदी नव्या मोबाइलवर मिळाल्या पाहिजेत.

गूगल टास्क्स अगदी साधे व विनामूल्य आहे. त्यातील तारखा गूगल कॅलेंडरमध्येही दिसतात. मायक्रोसॉफ्ट टू डू हेही विनामूल्य असून त्यात ‘माझा दिवस’ असे एक पान असते. ते रोज रात्री रिकामे होते आणि सकाळी आपण त्यात आजची कामे निवडून घ्यावयाची. टोडूइस्टमध्ये कामासोबत इंग्रजीत तारीख लिहिली की ते ती ओळखून घेते. मात्र त्याच्या काही सोयींसाठी पैसे मोजावे लागतात. ट्रेलो किंवा नोशन अनेक जणांच्या चमूला उपयोगी खरे. परंतु एकट्याचा वेळ त्यांची मांडणी करण्यातच जातो.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. वुंडरलिस्ट नावाचे ॲप अत्यंत लोकप्रिय होते. मायक्रोसॉफ्टने ते 2015 मध्ये विकत घेतले आणि 6 मे 2020 रोजी बंद केले. नोंदी टू डूमध्ये हलविण्याची सोय दिली होती. तरीही लोकांना जुनी सवय मोडावी लागलीच. म्हणून वर्षातून एकदा, मार्चअखेरीस वह्या बंद करताना, महत्त्वाच्या तारखा कागदावर उतरवून ठेवाव्यात. दुसरी गोष्ट, बँकेचा पिन किंवा पासवर्ड अशा ॲपमध्ये कधीही लिहू नये.

आपल्या घरांसाठी आणखी एक अडचण ध्यानात ठेवावी. ही ॲप इंग्रजी तारखेने चालतात, तिथीने नव्हे. अक्षय्य तृतीया, संवत्सरी, लक्ष्मीपूजन यांना ‘दरवर्षी’ असे लावून ठेवले तर पुढील वर्षी आठवण चुकीच्या दिवशी येईल. नवे पंचांग घरी आले की त्या वर्षाच्या तारखा एकदाच बसून भराव्यात. दिवाळीच्या मालाची मागणी आणि पर्युषणातील सुट्या यांचा मेळही त्याच बैठकीत बसतो.

पुतण्याने टू डू ठेवले, बाकीची काढून टाकली. ‘येणे बाकी’ अशी एक स्वतंत्र यादी केली आणि प्रत्येक नोंदीला विचारणा करण्याची तारीख घातली. पहिले काही दिवस मीच सायंकाळी दूरध्वनी करून विचारी, “उद्याचे पान वाचलेस का?” ॲप कोणतेही असो, दुकान बंद करण्यापूर्वीची ती पाच मिनिटे चुकली तर त्यातील नोंदी निरुपयोगी ठरतात. आता तो विचारण्यापूर्वीच सांगतो.

मी स्वतः गूगल टास्क्स वापरतो. विम्याच्या नूतनीकरणाची आठवण मुदतीपूर्वी एक महिना, पंधरा दिवस आणि तीन दिवस अशी तीनदा लावली आहे. आणखी एक नोंद आहे: सौभाग्यवतींचा प्रतीक्षाकाळ संपण्याची. तिला अद्याप दीड वर्ष बाकी आहे. तोवर दर तीन महिन्यांनी त्यांच्या रक्तातील साखरेच्या तपासणीची आठवण येते आणि त्या दिवशी सकाळी आम्ही दोघे बरोबर जातो.