पाण्याचा उतार आणि पीटर थॉमसन

धारवाडहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की शहर संपतासंपता केलगेरीचा तलाव येतो. धारवाडच्या पाण्यासाठी १९११च्या सुमारास तो बांधला गेला. त्याचं श्रेय दिलं जातं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना. खडकवासल्याला १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवणारे तेच ते. या भागाची जमीन मोठी बोलकी आहे. पूर्वेला काळी, चिकट कापसाची माती, पश्चिमेला मलनाडाच्या वाटेवरची तांबडी, निचऱ्याची माती. धारवाडच्या सोमेश्वरापाशी उगम पावणारी शाल्मला अरबी समुद्राला मिळते, तर पूर्वेकडे उतरणारं पाणी मलप्रभेतून कृष्णेत जातं. इतक्या जवळजवळ पडलेल्या पावसाच्या वाटा अशा फुटतात.

गोल्फचं मैदान आखणाऱ्याला आधी हेच पाहावं लागतं. अठरा होलच्या मैदानाला साधारण ५० ते ६० हेक्टर जागा लागते, आणि होलचा व्यास अवघा १०८ मिलीमीटर. होलभोवतीच्या ग्रीनखाली सुमारे ३० सेंटीमीटर वाळूचा थर असतो, त्याखाली खडी आणि खडीत पाणी वाहून नेणारे नळ. बारीक वाळूतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, म्हणून मुळांना ओल मिळते. पाऊस जास्त झाला की तेच पाणी भाराने खाली निघून जातं. फेअरवेवरचं, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या लांब पट्ट्यावरचं, बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. उन्हाळ्यात ती वरून करपते, पण मुळं तग धरतात.

ही दृष्टी भारतात आणणाऱ्यांत पीटर थॉमसन मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. १९२९ साली मेलबर्नच्या ब्रन्सविक भागात जन्मलेला हा मुलगा घराजवळच्या सार्वजनिक मैदानावर खेळायला शिकला. मेलबर्नच्या दक्षिणेकडच्या वालुकामय पट्ट्यात ॲलिस्टर मॅकेंझी हा डॉक्टर-रचनाकार १९२६ साली येऊन गेला होता, आणि तिथल्या मैदानांवर त्याचा ठसा उमटला होता. तिथे खेळता खेळता थॉमसनची नजर तयार झाली. टणक जमिनीवर चेंडू टप्पा घेऊन कुठे वळेल, याचा अंदाज हीच त्यांच्या खेळाची ताकद होती. ब्रिटिश ओपन त्यांनी पाच वेळा जिंकली: १९५४, ५५, ५६, ५८ आणि १९६५. सलग तीनदा जिंकण्याचा पराक्रम विसाव्या शतकात दुसऱ्या कुणाला जमला नाही.

इंडियन ओपन सुरू होण्यामागे त्यांचा पुढाकार होता. १९६४ साली दिल्लीत पहिली स्पर्धा झाली आणि तेच विजेते ठरले. पुढे १९६६ आणि १९७६ सालीही. मायकेल वूल्व्हरिज यांच्या साथीने त्यांनी अनेक देशांत मैदानं आखली. दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानाची सत्तरच्या दशकातली फेररचना त्यांचीच. २०१८ साली ते गेले, आणि पुढच्याच वर्षी गॅरी प्लेयर यांनी नव्याने आखलेलं तिथलं मैदान खेळासाठी खुलं झालं. मैदानाच्या रचनाकाराच्या वाट्याला हे येतंच. झाडं वाढतात, चेंडू लांब जाऊ लागतात, आणि जुनी आखणी अपुरी पडते.

बंगळुरूत कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदानही थॉमसन आणि वूल्व्हरिज यांचं. ते उभं आहे जुन्या चल्लघट्टा तळ्याच्या जागेवर. खेळाडू त्या मैदानाची वाखाणणी करतात, आणि ती योग्यच आहे. तरीही केलगेरीच्या बांधावर उभं राहिल्यावर चल्लघट्ट्याची हळहळ वाटते. मैदान दुसऱ्या जागीही आखता येतं. तळ्याला मात्र पाणी जिथे जमतं तीच जागा लागते. ही निवड रचनाकाराच्या हातात नव्हती, जमीन देणाऱ्यांच्या हातात होती.

कोरड्या मुलखात गोल्फ नव्हतं असं नाही. आपल्याकडच्या जुन्या छावण्यांच्या मैदानांवर हिरवळीऐवजी 'ब्राऊन' असत: वाळूत तेल मिसळून, रूळ फिरवून सपाट केलेली जागा. पाणी जवळपास लागतच नसे. तलावाच्या पाणलोटात तेल चालणार नाही, पण नुसती दाबलेली वाळू चालेल. धारवाडच्या पश्चिमेला कधी मैदान आखायचं झालं, तर माझ्या मते ते असं असावं: फेअरवेला हरळी, शिंपायला शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी, आणि सगळी आखणी केलगेरीत उतरणाऱ्या ओढ्यांपासून दूर.