हजेरी गेली, आता यंत्र नको

सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायद्याच्या जोरावर पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींना येथे तारेच्या कुंपणात कोंडले. गुन्हा कोणी केला हा प्रश्नच नव्हता. जमातीवर शिक्का बसला की घरादाराने हजेरी द्यायची. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण वस्तीतल्या पोराकडे संशयाने पाहण्याची नजर अजून शाबूत आहे.

आज हे आठवण्याचे कारण पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडणारे म्हणविले जाणारे यंत्र. अमेरिकेत अनेक ठिकाणी लैंगिक गुन्ह्यातील अल्पवयीन मुलांना परिविक्षेवर सोडल्यानंतर या यंत्रापुढे बसवतात. श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम मोजून मूल खरे बोलते की खोटे, हे ठरवतात. आपल्या कायद्यात परिविक्षेला अशी अट नाही. पण मोठा गुन्हा घडला की 'यंत्राला लावा' अशी ओरड होते, म्हणून आताच बोलणे भाग आहे.

मुळात या यंत्राला खोटेपणा दिसत नाही, शरीराची घालमेल दिसते. खाकी पाहताच ज्याची छाती धडधडते, त्या पोराचा आलेख सरळ कसा येईल? अमेरिकेच्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये या यंत्राचा शास्त्रीय आधार कमकुवत असल्याचे दाखविले. इंग्लंडच्या २००७ च्या कायद्यानेही ही अट १८ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच लावली.

आता घराकडे पाहू. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ नुसार बाल न्याय मंडळ मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, पालकांच्या ताब्यात देऊ शकते. बंधपत्रावर सही करते विड्या वळणारी आई किंवा यंत्रमागावर राबणारा बाप. उद्या यंत्राने 'खोटे' म्हटले, तर जाब त्या सहीला विचारला जाणार. मग घरातला शब्दही धोक्याचा होतो. आईजवळ चूक कबूल केली तर तीच यंत्रापुढे प्रश्न होऊन येईल, या भीतीने पोरगा गप्प बसेल. ज्या विश्वासावर तो सुधारायचा, तोच मोडेल. पीडित मुलगीही बहुधा आपल्याच वस्तीतली असते. तिला न्याय हवा, आणि पुन्हा गुन्हा होऊ नये ही तिचीही गरज आहे. ती समुपदेशन, शाळा आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या नियमित भेटीने भागते. आलेखाने भागत नाही.

२००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा चाचण्यांना मुभा दिली होती. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ती वाट अडवली. देशाचे पहिले दलित सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या पीठाने सांगितले की, संमतीशिवाय पॉलिग्राफ करणे हा संविधानाच्या अनुच्छेद २०(३) आणि २१ चा भंग आहे. संमती द्यायची तर वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे आणि ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदविली पाहिजे. ही मोठ्यांची गोष्ट झाली. सोळा वर्षांचा मुलगा, बाहेर घाबरलेली आई आणि समोर साहेब, अशा वेळी दिलेल्या 'हो'ला आम्ही संमती मानत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. वस्तीतले मूल अशा प्रकरणात सापडले, तर पालकांना कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलांना, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी कुंपणात हजेरी दिली. नातवाला यंत्रापुढे हजेरी द्यायला लावायची नसेल, तर त्याच्या आईसोबत मंडळाच्या दारापर्यंत आपणच गेले पाहिजे.