एक औषध, अनेक विषाणु

जंतुनाशक औषधें विषाणूंवर कां चालत नाहींत, असें वाचक विचारितात. जंतूस स्वतःची यंत्रणा असते. ती मोडतां येते. विषाणु मात्र प्राण्याच्या पेशींत शिरून तिच्याच सामग्रीवर वाढतो. तथापि आर.एन.ए. विषाणूंस बीजाची नक्कल करण्यास स्वतःचें विकर लागतें, व तें अनेक जातींत बरेंच सारखें असतें. रेमडेसिविर तेथें खोटा घटक घालून नक्कल अडवितें. कांगोंत २०१८-१९ सालीं इबोलावर तें प्रतिपिंडांहून उणें ठरलें. परंतु २०२० सालीं करोनाच्या सांथींत तेंच हाताशीं होतें. २०२२ सालीं लम्पीनें आपलीं गुरें दगावलीं, तेव्हां असें औषध नव्हतें. शेळ्यांच्या देवीची लसच उपयोगीं पडली. म्हणून औषधाची वाट न पाहतां गुरांस वेळेवर लस टोचून घ्यावी, असें आम्हांस वाटतें.