काढण्यापूर्वी कारण : मीमच्या कट्ट्यावरील नियमांचा वाद

'मीम' हा शब्द आज मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की त्याचा जन्म जीवशास्त्रावरील एका ग्रंथात झाला, याची सहसा कोणाला आठवण राहत नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द सेल्फिश जीन' या ग्रंथात हा शब्द प्रथम वापरला. जनुके जशी एका पिढीतून पुढच्या पिढीत जातात, तशी अनुकरणाने एका मनातून दुसऱ्या मनात जाणारी कल्पना, चाल किंवा लकब, असा त्याचा मूळ अर्थ होता. आज मात्र मीम म्हणजे एखादे ओळखीचे चित्र आणि त्यावर लिहिलेल्या एक-दोन ओळी, असा अर्थ रूढ झाला आहे. त्यातील चित्र, म्हणजे 'टेम्पलेट', ठरलेले असते आणि मजकूर मात्र प्रसंगानुसार बदलत राहतो. चित्र आणि मजकूर एकत्र आले की जो तिसरा अर्थ उमटतो, तो कोठेच लिहिलेला नसतो; पाहणाऱ्याला आधीपासून जे माहीत असते त्याच्या आधारे तो त्याचा त्यालाच लावून घ्यावा लागतो. मीमवरून होणाऱ्या बहुतेक भांडणांचे मूळ या न लिहिलेल्या अर्थात आहे.

अशी चित्रे एकमेकांना दाखवण्यासाठी जमलेल्या लोकांचा समुदाय फेसबुक, टेलिग्राम, रेडिट किंवा व्हॉट्सॲप यांपैकी कोठेही असो, त्याला काही नियम घालून घ्यावेच लागतात. त्या नियमांप्रमाणे कोणते चित्र ठेवायचे, कोणते काढायचे आणि कोणत्या सदस्याला बाहेरची वाट दाखवायची हे ठरवण्याच्या कामाला 'मॉडरेशन' म्हणतात, आणि ते करणाऱ्याला मॉडरेटर किंवा ॲडमिन. हे काम बहुधा विनामोबदला, नोकरी-शिक्षण सांभाळून केले जाते, हे लक्षात घेतले पाहिजे. तरीही ज्याचे चित्र काढले जाते त्याला त्यात पक्षपात दिसतो, ज्याला ते चित्र लागलेले असते त्याला ते उशिरा काढले असे वाटते, आणि ॲडमिनला दोन्ही बाजूंनी बोल लागतो. मॉडरेशन असावे की नसावे, यावर आता फारसा वाद राहिलेला नाही. ते न्याय्य कसे होईल, हा खरा प्रश्न आहे.

दोन बटणांपुढचा माणूस

चित्राचा अर्थ लावण्यात जाणत्या यंत्रणेचीही कशी चूक होते, हे एका प्रसिद्ध प्रकरणावरून समजते. समोर दोन लाल बटणे, त्यांवर परस्परविरोधी दोन विधाने आणि कोणते दाबावे हे न सुचल्याने घाम पुसणारा माणूस, हे टेम्पलेट मीम पाहणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. अमेरिकेतील एका वापरकर्त्याने डिसेंबर २०२० मध्ये या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी तुर्कस्तानचा ध्वज बसवला. एका बटणावर आर्मेनियन लोकांचा वंशसंहार ही थाप आहे, अशा अर्थाचे वाक्य होते आणि दुसऱ्यावर ते लोक त्याच लायकीचे होते, अशा अर्थाचे. एकाच तोंडाने संहार नाकारायचा आणि त्याचे समर्थनही करायचे, या दुटप्पीपणावर ते बोट ठेवलेले होते. फेसबुकने मात्र बटणांवरची वाक्ये सुटी वाचली आणि ते चित्र द्वेषमूलक ठरवून काढून टाकले.

फेसबुकच्या निर्णयांचा फेरविचार करण्यासाठी स्थापन झालेल्या 'ओव्हरसाइट बोर्ड' या मंडळाने मे २०२१ मध्ये बहुमताने हा निर्णय फिरवला. उपरोधाला सूट देणारा नियम कंपनीपाशी होता, परंतु तो वापरकर्त्यांपुढे जाहीर केलेला नव्हता, हे मंडळाने नोंदवले आणि तो जाहीर करावा अशी शिफारस केली. एखाद्या वाक्याचा उच्चार करणे आणि ते वाक्य कोणाच्या तरी तोंडी घालून त्याचा फोलपणा दाखवणे यांतील फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हाती मीमचा न्याय सुरक्षित राहत नाही, असा या प्रकरणाचा बोध आहे.

नवी मुंबईचा संदर्भ

नवी मुंबईसारख्या शहरात हा फरक आणखी नाजूक होतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि आगरी-कोळी समाजाच्या गावांच्या जमिनींवर वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर अशा वसाहती आखल्या गेल्या. त्यांत घाटावरचे, विदर्भ-मराठवाड्यातले, कोकणातले आणि परप्रांतांतले लोक राहायला आले, आणि मूळची गावे या वसाहतींच्या मधोमध उभी राहिली. आगरी बोलीतले एखादे चित्र त्या बोलीत वाढलेल्या मुलाने केले तर तो घरातल्या भाषेचा लाड असतो. तेच वाक्य त्या समाजाला अडाणी दाखवण्यासाठी वापरले तर तो अपमान असतो. शब्द तेच, चित्रही तेच, आणि तरीही एक ठेवण्याजोगे व दुसरे काढण्याजोगे. हा निवाडा यंत्राला करता येत नाही, आणि ती बोली कानावरून न गेलेल्या ॲडमिनलाही तो अवघडच जातो.

'राजकीय पोस्ट टाकू नयेत' हा अनेक ग्रुपवर आढळणारा नियमही असाच पाहायला सोपा आणि लावायला अवघड आहे. नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे या मागणीसाठी २४ जून २०२१ रोजी बेलापूरच्या सिडको भवनावर मोठे आंदोलन झाले. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हा विषय राजकारणाचा असू शकतो. परंतु ज्यांच्या आजोबांची जमीन प्रकल्पात गेली, आणि जानेवारी १९८४ च्या जासई-दास्तान फाटा परिसरातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात ज्यांच्या गावची माणसे गेली, त्यांच्यासाठी तो घरचा विषय आहे. या विषयावरचे चित्र 'राजकीय' म्हणून काढले तर नियम पाळला जातो, पण एका बाजूचे दुःखच विषयाबाहेर ठरते. नियमातला शब्द जितका मोघम, तितके तो लावणाऱ्याच्या पूर्वग्रहाला मोकळे रान मिळते.

मोघम शब्दांची किंमत

मोघम शब्दाची किंमत महाराष्ट्राने कायद्याच्या पातळीवर मोजलेली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्याबद्दल पालघर येथील एका तरुणीला, आणि ते मत केवळ 'लाइक' केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६-अ चा तेथे आधार घेण्यात आला, त्यात 'अत्यंत आक्षेपार्ह', 'त्रासदायक', 'गैरसोयीचे' अशा अर्थाचे शब्द होते. ते कोणत्याही नावडत्या वाक्याला लागू करता येण्याइतके सैल होते. या घटनेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवले, आणि त्यातील शब्दांची ही संदिग्धता हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते.

पुढे एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत एक दुरुस्ती झाली आणि केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर 'खोटा' किंवा 'दिशाभूल करणारा' आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाला मिळाला. त्याविरुद्ध विनोदकार कुणाल कामरा मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्याने प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे सोपवले गेले, आणि न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचे मत दिले. याही वेळी शब्दांच्या सैलपणावर न्यायालयाचा आक्षेप होता.

कलम ६६-अ गेल्यानंतरही भीती मात्र संपलेली नाही. शरद पवार यांच्याविषयीचा, दुसऱ्याच्या नावाने फिरणारा मजकूर फेसबुकवर टाकल्याच्या प्रकरणात अभिनेत्री केतकी चितळे यांना १४ मे २०२२ रोजी ठाणे पोलिसांनी नवी मुंबईतील कळंबोली येथून ताब्यात घेतले, आणि जामिनावर सुटका होईपर्यंत महिना उलटून गेला. तो मजकूर कोणाला कसा वाटला हा वेगळा प्रश्न आहे. पण पुढे पाठवलेल्या चार ओळींसाठी तुरुंगात जावे लागू शकते, हे ज्याने वर्तमानपत्रात वाचले आहे, तो ॲडमिन शंका येताच चित्र काढून मोकळा होतो. मॉडरेशनमधील पुष्कळसा कडकपणा अशा धास्तीतून आलेला असतो.

या धास्तीवर उतारा ठरणारा एक निकाल महाराष्ट्रातच झालेला आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने एका महिला सदस्याविषयी अश्लाघ्य भाषा वापरली, आणि ॲडमिनने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरच गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला. ॲडमिनला सदस्य जोडण्याचा किंवा काढण्याचाच अधिकार असतो, मजकूर ग्रुपवर येण्यापूर्वी तो तपासण्याचा नसतो, आणि दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत असल्याखेरीज सदस्याच्या कृत्यासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांनी स्पष्ट केले. स्वतः बेकायदा मजकूर टाकणाऱ्या ॲडमिनला अर्थातच हे संरक्षण नाही.

अधिकार वाढले, पद्धत नाही

या निकालानंतर ॲडमिनच्या हातातील साधने मात्र वाढली. केवळ ॲडमिननेच संदेश पाठवावेत अशी सोय व्हॉट्सॲपवर २०१८ पासून होतीच. २०२२ मध्ये इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय ॲडमिनला मिळाली, आणि त्याच वर्षी ग्रुपची सदस्यमर्यादा २५६ वरून टप्प्याटप्प्याने १,०२४ वर गेली. गावच्या ग्रामसभेएवढ्या जमावात कोणाचे म्हणणे राहील आणि कोणाचे पुसले जाईल, हे एका बोटाच्या स्पर्शाने ठरवण्याची सत्ता त्यामुळे एका-दोघांच्या हाती आली. ती सत्ता कशी वापरावी याची रीत मात्र त्यांना कोणी दिली नाही.

मॉडरेटरच्याही वर कंपनीची सत्ता असते, हे जून २०२३ मध्ये रेडिटवर दिसले. बाहेरच्या ॲपना रेडिटमधील मजकूर वापरण्यासाठी कंपनीने भारी शुल्क लावल्याच्या निषेधार्थ १२ जूनपासून हजारो समुदाय त्यांच्या मॉडरेटरनी बंद ठेवले. कंपनीने दबाव आणल्यावर छायाचित्रांच्या एका मोठ्या समुदायाने दारे उघडली खरी, पण सदस्यांचे मत घेऊन असा नियम केला की यापुढे तेथे फक्त विनोदकार जॉन ऑलिव्हर यांचीच चित्रे टाकावीत. नियम हेच तेथे निषेधाचे हत्यार झाले. त्या आंदोलनातून शुल्क मागे घेतले गेले नाही. पण ज्यांच्या फुकटच्या श्रमावर हे समुदाय चालतात त्यांना निर्णयात जागा नाही, ही गोष्ट जगापुढे आली.

उपविधी घरातच आहेत

चांगल्या मॉडरेशनची तत्त्वे शोधण्यासाठी मराठी वाचकाला परदेशी दस्तऐवजांकडे पाहता येईल. २०१८ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या 'सांता क्लारा तत्त्वां'त किती मजकूर काढला याचा आकडा, ज्याचा काढला त्याला सूचना, आणि निर्णयाविरुद्ध दाद या तीन गोष्टी मागितल्या आहेत. भारतातील २०२१ च्या मूळ माहिती तंत्रज्ञान नियमांनीही कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमून २४ तासांत तक्रारीची पोच आणि १५ दिवसांत निकाल देण्याचे बंधन घातले, आणि २०२३ पासून त्यावर अपील समित्याही आल्या. पण या तरतुदी कंपन्यांसाठी आहेत. ग्रुपच्या ॲडमिनपर्यंत त्या पोचत नाहीत.

ॲडमिनला उपयोगी पडेल असा नमुना नवी मुंबईतील इमारतीच्या तळमजल्यावर, सोसायटीच्या कार्यालयात ठेवलेला असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३५ नुसार गृहनिर्माण संस्थेतून सभासदाला काढायचे असल्यास त्यासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत हजर असलेल्या मतदार सभासदांपैकी तीन-चतुर्थांशांचे बहुमत लागते, त्या सभासदाला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि निबंधकाची मान्यता मिळाल्याखेरीज तो ठराव अमलात येत नाही. जिन्यात चपलांचे कपाट ठेवल्याबद्दलही जो रहिवासी लेखी नोटीस मागतो आणि सभेच्या इतिवृत्तात आपले म्हणणे नोंदवून घेतो, तोच रहिवासी ग्रुपचा ॲडमिन झाल्यावर शेजाऱ्याला विचारणा न करता काढून टाकतो. न्यायाची रीत त्याला ठाऊक असते. ती येथेही लागू होते, एवढे त्याच्या ध्यानात आलेले नसते.

ग्रुपसाठी निबंधक नको आणि तीन-चतुर्थांश बहुमतही नको; त्या रीतीतला गाभा घेतला तरी पुरे. 'आक्षेपार्ह चित्रे टाकू नयेत' असे लिहिण्याऐवजी 'कोणाची जात, धर्म, बोली किंवा शरीर यांवरून हिणवणारे आणि कोणा खासगी व्यक्तीचे छायाचित्र तिच्या परवानगीशिवाय वापरणारे चित्र काढले जाईल' असे लिहिले, तर काय चालणार नाही हे चित्र करणाऱ्यालाही आधी कळते. चित्र काढताना कोणत्या नियमाखाली काढले हे एका ओळीत कळवले, पहिल्या चुकीला समज आणि पुन्हा तीच चूक झाल्यास ठरावीक मुदतीची मनाई असा क्रम ठेवला, आणि तक्रार आल्यास निर्णय घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या ॲडमिनने तो तपासला, तर निम्मे वाद जागच्या जागी मिटतात. ग्रुपमधील स्त्रिया आणि संख्येने कमी असलेले समाज यांना या शिस्तीची गरज सर्वांत अधिक असते, कारण नियम नसलेल्या जागेत ज्याचा आवाज मोठा त्याचेच चालते.

मीम हा आजच्या तरुण पिढीचा चव्हाटा आहे, आणि चव्हाट्यावर काय बोलले जाते यावरून त्या गावाचे आरोग्य कळते. म्हणून प्रत्येक ॲडमिनने आपल्या ग्रुपचे नियम आजच लिहून काढावेत, ते सर्व सदस्यांना दिसतील असे वर लावावेत, आणि यापुढे एकही चित्र किंवा एकही माणूस कारण सांगितल्याशिवाय काढू नये.