आधी सोबत, मग सायकल



डोंगरी सायकल आणि तिच्यावरून काढावयाच्या सहली, हा विषय व्याख्यानमालेच्या पत्रिकेत पाहून पुष्कळांस नवल वाटले असेल. कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने पगाराविषयी बोलावे, बोनसाविषयी बोलावे. हे सायकलीचे खूळ त्याच्या डोक्यात कोठून शिरले? आमचे उत्तर सरळ आहे. सहलीला रविवार लागतो, आणि रविवारची सुट्टी काही आपोआप उगवलेली नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि तेव्हापासून धरून ठेवलेली आठवड्याच्या सुट्टीची मागणी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांकडून मान्य करून घेतली. ज्या दिवसासाठी माणसे इतकी झगडली, तो दिवस आपण कसा घालवितो हा प्रश्न आम्हांला संघटनेचाच प्रश्न वाटतो.

असे वाटणारे आम्हीच पहिले नव्हे. इंग्लंडात १८९४ साली बर्मिंगहॅम येथे ‘क्लॅरियन’ या समाजवादी पत्राच्या वाचकांनी सायकल मंडळ काढले. जर्मनीत १८९६ साली कामगारांनी ‘सॉलिडारिटेट’, म्हणजे एकजूट, या नावाचा सायकलस्वारांचा संघ स्थापिला. १९३३ साली हिटलरची सत्ता आल्यावर त्यावर बंदी आली. माणसे नुसती एकत्र सायकल चालवितात, याचीही हुकूमशहाला धास्ती वाटते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता डोंगरी सायकल म्हणजे काय, ते पाहू. आपल्याकडची पोरे तिला ‘एमटीबी’ म्हणतात. रुंद गोट्यांचे टायर, पुढे झटका गिळणारा चिमटा, आडवे रुंद हँडल आणि चढासाठी हलके गिअर, अशी तिची ओळख. ही सायकल एखाद्या कारखानदाराच्या डोक्यातून निघालेली नाही. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टॅमलपायस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जड, जाड टायरांच्या सायकली घेऊन मातीच्या वाटांनी खाली उतरत. त्या सायकलींचे ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असत. उतारावर ते इतके तापत की आतील ग्रीस जळून जाई, आणि तुंबा उघडून ग्रीस पुन्हा भरावे लागे. यावरूनच त्या उताराला ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भर’, असे नाव पडले. १९७६ साली तेथे शर्यती सुरू झाल्या. रविवारी दिवसभर सायकल मोडायची आणि आठवडाभर ती सुधारायची, असे करता करता त्यांनी नवी सायकल घडविली. पुढे कारखाने आले, आणि १९९६ साली अटलांटा येथे हा प्रकार ऑलिंपिकमध्येही गेला. सांगावयाचा मुद्दा हा की, आधी सोबत जमली आणि तिच्या गरजेतून सायकल निर्माण झाली. आपल्याकडे गाडी उलटी चालते. आधी कर्ज काढून सायकल येते, दोन रविवार ती फिरते, आणि मग जिन्याखाली धूळ खात पडते. कारण बरोबर जायला कोणी नसते.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा की, पहिल्या तीनचार सहली घरात असेल त्या सायकलीवर कराव्या. त्यासाठी वाटा शोधण्यास हिमालयात जावयास नको. वऱ्हाडात गावागावाला पांदण आहे. बैलगाड्यांनी मळलेली शेतवाट ही शिकाऊ माणसाची उत्तम शाळा होय. अमरावतीकरांना वडाळी आणि छत्री तलावाच्या पलीकडे चांदूर रेल्वेच्या बाजूला पोहऱ्याच्या टेकड्या आहेत. अकोलेकरांना दक्षिणेस बार्शीटाकळी व पातूरकडे मुरमाड चढउतार मिळतात आणि उत्तरेस अकोटच्या पुढे सातपुडा उभा आहे. पहिली सहल जाऊन येऊन पंधरा किलोमीटरांहून मोठी नसावी.

सहल जमविताना नवा माणूस एकच प्रश्न विचारतो, मोठ्याने विचारीत नाही, पण विचारतोच: “भाऊ, मी मांगं राह्यलो त मंग?” या प्रश्नाचे उत्तर ज्या टोळीजवळ आहे ती टोळी टिकते. ज्या टोळीजवळ नाही ती चार तगड्या पोरांची राहते आणि दिवाळीपर्यंत मोडते. संपाचेही असेच असते. पुढारी किती पुढे गेला यावर संप टिकत नाही. ज्याच्या घरात पीठ संपले आहे तो कामगार किती दिवस उभा राहू शकतो, यावर टिकतो. सहलीचा नियम हाच: शेवटच्याची चाल ती सर्वांची चाल.

हा नियम भाषणात सोपा आणि वाटेवर अवघड आहे. तो पाळण्याच्या काही रीती आहेत. सर्वांच्या पुढे वाट माहीत असलेला एक जण असावा आणि सर्वांच्या मागे एक भरवशाचा, दुरुस्ती येणारा माणूस असावा. मागच्याने कोणत्याही सबबीवर कोणाच्या पुढे जावयाचे नाही. जेथे वाट फुटते तेथे पुढच्याच्या मागे असलेल्याने थांबावे, आणि मागचा गडी दिसेपर्यंत तेथून हलू नये. एवढे केले तर पांदणीच्या जाळ्यातही माणूस चुकत नाही. निघताना डोकी मोजावी आणि प्रत्येक थांब्यावर पुन्हा मोजावी. बारापेक्षा अधिक माणसे झाली तर दोन टोळ्या कराव्या.

थांब्याची एक खोड आम्ही सर्वत्र पाहिली आहे. तगडे गडी टेकडीच्या माथ्यावर आधी पोचतात, बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. दहा मिनिटांनी शेवटचा माणूस धापा टाकीत येतो, आणि तो दिसताच सगळे म्हणतात, “चाला बे, ऊन होऊन राह्यलं.” म्हणजे ज्याला विसाव्याची सर्वांत अधिक गरज त्याला तो मुळीच मिळत नाही, आणि ज्याला नको त्याला भरपूर मिळतो. तेव्हा विसाव्याचा वेळ शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजावा. ही एक गोष्ट पाळली तरी निम्म्या सहली वाचतील.

आमंत्रण देताना पाच गोष्टी आधी सांगाव्या: कोठून निघावयाचे, किती वाजता, किती किलोमीटर, चढ किती आणि परत किती वाजता. परत येण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची. दुकानात काम करणाऱ्याला, घरपोच सामान पोचविणाऱ्या पोराला आज रविवारही पुरता मिळत नाही. त्याला दहा वाजता कामावर जावयाचे असते. घरचा स्वयंपाक आणि पाणी सांभाळून येणाऱ्या बाईलाही परतीची वेळ आधी ठाऊक हवी. पहाटे साडेपाचला निघून नऊला घरी, असे ठरले तर ही दोघेही येऊ शकतात. वेळ ठरविताना त्यांना विचारले नाही, तर सहल केवळ रिकाम्या वेळेच्या मालकांची होते. वर्गणी, पदाधिकारी, घटना यांची सहलीला गरज नाही. सामाईक पेटीत एक पंप, पंक्चरची पट्टी व सोल्युशन, पाने, चेन जोडण्याचे हत्यार आणि मलमपट्टी एवढे असले म्हणजे पुरे. डोक्यावर हेल्मेट मात्र प्रत्येकाचे स्वतःचे असावे, आणि ते नसणाऱ्याने त्या दिवशी पक्क्या रस्त्यावरच राहावे.

आपल्या मुलखाचे दोन शत्रू आहेत: ऊन आणि काळी माती. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा नऊनंतर रानात राहणे हे शौर्य नव्हे. अकोल्याच्या पूर्णाकाठच्या भागात आणखी एक अडचण आहे. तो खारपाणपट्टा. तेथील विहिरींचे आणि हातपंपांचे पाणी खारट. वाटेत कोठेतरी पिऊ, असे म्हणून निघालेला माणूस फसतो. पाणी घरूनच न्यावे, आणि सोबत मीठ-साखर असावी. काळी माती पावसात फुगते, चिकटते, आणि टायर व चिमट्याच्या मध्ये अशी बसते की चाक फिरतच नाही. सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते. चाकाच्या दिशेने गेलेली भेग पुढचे चाक धरून ठेवते आणि माणूस पडतो; म्हणून भेग नेहमी आडवी ओलांडावी. काळ्या रानात जाण्याचे दिवस म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंतचे. पावसाळ्यात मुरमाड टेकड्यांकडे वळावे.

असे तीनचार रविवार गेले म्हणजे माणसाला स्वतःलाच कळू लागते की आपल्याला कसली सायकल हवी. मगच दुकानात जावे.

सर्वांत पहिली गोष्ट माप. सायकलीच्या दांड्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकून उभे राहिले असता दांडा आणि अंग यांमध्ये दोनेक इंच मोकळी जागा असावी. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. म्हणजे चवड्याने चालविताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. अंगाला न बसणारी सायकल स्वस्तात मिळाली तरी गुडघेदुखी देऊन पैसे वसूल करते.

दुसरी गोष्ट गिअर. दुकानदार सांगतो, “एकवीस गिअर आहेत.” गिअर किती आहेत हे विचारू नये, सर्वांत हलका गिअर केवढा हलका आहे हे विचारावे. आपल्या साध्या सायकलीला पुढे ४४ दातांचे चक्र आणि मागे १८ दातांचे फ्रीव्हील धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. डोंगरी सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४२ दात असतील तर तेच चाक एका फेऱ्यात पाऊण वेळाच फिरते. सायकल पावणेदोन मीटर जाते. अंतर एक तृतीयांश, म्हणून पायावरचा जोरही जवळजवळ एक तृतीयांश. जमिनीत पहार घालून दगड उचलताना जो हिशेब तोच येथे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला सुमारे सातशे मीटर चढावे लागते. तेथे माणसाला वर नेतो तो हा हलका गिअर.

तिसरी गोष्ट ब्रेक. रिमला धरणारे रबरी ब्रेक धुळीत व चिखलात झिजतात आणि ओले झाले की घसरतात. डिस्क ब्रेक घ्यावे. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक तालुक्याच्या गावीही दुरुस्त होतात. तेलाच्या दाबावर चालणारे अधिक चांगले धरतात, पण बिघडले तर जाणकार कारागीर लागतो. उतारावर ब्रेक सतत दाबून न ठेवता दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. म्हणजे तो तापत नाही. ‘रिपॅक’ची गोष्ट येथे आठवावी.

चौथी गोष्ट चाके आणि टायर. २९ इंची चाक दगडावरून सहज जाते; ठेंगण्या माणसाला साडेसत्तावीस इंची सोयीचे. दोन इंचांहून रुंद टायर घ्यावे, आणि चिमट्यात चिखलाला जागा आहे की नाही ते बोट घालून पाहावे. हवा ठणठणीत भरू नये. वजनानुसार २५ ते ३५ पौंड पुरते. थोडे मऊ टायर मातीला धरून राहते. फारच मऊ केले तर मात्र दगडावर रिम आपटून ट्यूब फाटते. वऱ्हाडात बाभूळ, हिवर आणि बोर यांचे काटे पांदणीवर पसरलेले असतात. भोक पडताच आतून बुजविणारा द्रव भरलेले, विनाट्यूब टायर परवडत असेल तर येथे तो खर्च वाया जात नाही. नाहीतर दोन ट्यूबा आणि धीर बरोबर ठेवावा.

राहता राहिले झटके गिळणारे भाग. पुढचा चिमटा तसा असला म्हणजे पुरे. स्वस्त सायकलीला मागेही स्प्रिंग लावलेली दिसते. ती दिसायला झोकदार, पण वजन वाढविते आणि पायाचा जोर खाऊन टाकते. चांगली मागची स्प्रिंग महाग असते आणि तिची निगाही महाग पडते. तेच पैसे ब्रेक, गिअर आणि टायर यांत घालावे.

आता शेवटची, पण टाळता न येणारी गोष्ट. पांदण शेतकऱ्याची आहे. पेरलेल्या रानातून, धुऱ्यावरून सायकल घालू नये. गुरे आणि बैलगाडी दिसली की उतरून बाजूला व्हावे. उघडलेले फाटक लावून घ्यावे. डोंगरातल्या जंगलाचे तर कायदेच आहेत. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता, आणि नरनाळ्याचा किल्लाही संरक्षित जंगलात आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून आडवाटेला जाऊ नये. पोहऱ्याच्या रानातही बिबट्याचा वावर आहे. दिवस उगवण्यापूर्वी आणि मावळल्यावर तेथे आपले काही काम नाही.

आमची विनंती एवढीच. येत्या रविवारी आपल्या आळीतली चार माणसे गोळा करा. त्यांत एक तरी असा घ्या की ज्याला आपण मागे पडू अशी भीती वाटते. जुन्या सायकलींना हवा भरा, पाणी घ्या, सर्वांना परतीची वेळ सांगा आणि जवळच्या पांदणीने सातआठ किलोमीटर जाऊन या. तो मागे पडणारा माणूस पुढच्या रविवारी आपण होऊन आला, तर तुमची टोळी जमली असे समजा. कोणती सायकल घ्यावी हा विचार त्यानंतर खुशाल करावा.